ताई, "तू बोल, मी आहे शेजारी"

ताई, हे तुला समोर बसून सांगायचं होतं, पण आभाराचं काही काढलं की तू लगेच "चहा टाकू का" म्हणतेस, म्हणून आज लिहूनच टाकतेय, सगळ्यांनी वाचलं तरी चालेल.

आम्ही नाशिकहून जर्मनीत स्टुटगार्टला आलो तो फेब्रुवारी होता. फ्लॅट मिळाला पण त्यात किचनच नाही, नुसती भिंत आणि पाण्याचे पाईप. इथे बऱ्याच भाड्याच्या घरांत ओटाही आपणच बसवायचा असतो हे मला कुठे माहीत! लेक भुकेली, मी रडकुंडीला आलेली, आणि संध्याकाळी तू तुझी दोन प्लेटांची शेगडी आणि कुकर घेऊन दारात. या घरातला पहिला वरणभात तुझ्या कुकरमधला आहे.

मग ते आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. राहायला आल्यापासून 14 दिवसांत पत्ता नोंदवायचा, ते झाल्याशिवाय टॅक्स नंबर येत नाही, पुढचं सगळंच अडतं. तू सुट्टी टाकून सकाळी सकाळी ब्युर्गरब्यूरोच्या, म्हणजे नागरिक कार्यालयाच्या रांगेत माझ्यासोबत थंडीत उभी राहिलीस. घरमालकाच्या सहीच्या त्या कागदाचं नाव, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, तू मला यू-बानमध्ये तुकडे पाडून पाडून पाठ करून घेतलंस. मला वाटलं काउंटरवर तूच बोलणार. तर तू एक पाऊल मागे सरकलीस, "तू बोल, मी आहे शेजारी." खरं सांगू, तेव्हा राग आला होता मला. पण मी मोडकंतोडकं बोलले, त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि शिक्का मारलेला कागद माझ्या हातात आला.

लेटरबॉक्सवर आडनाव लावायचं तूच सांगितलंस, इथे फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नाव बघूनच पत्र टाकतो, आमची दोन पत्रं तोवर परत गेली होती. एकदाच वापरायच्या डिपॉझिटच्या बाटल्या मशीनमध्ये टाकून प्रत्येकी 25 सेंट परत घ्यायचे, रविवारी दुकानं बंद म्हणून दूध-ब्रेड शनिवारीच आणायचं, काचेच्या बरण्या रविवारी कंटेनरमध्ये टाकायच्या नाहीत, किती आणि काय काय.

पण त्या रात्रीचं विसरणार नाही. लेकीला ताप, हे टूरवर, रात्रीचा एक वाजलेला. मी तुला फोन केला, तू म्हणालीस 116117 लाव, दवाखाने बंद असताना डॉक्टरांसाठी लावायचा नंबर, मलाही लाईनवर घे. तिकडून वय, वजन, ताप किती, पाणी पितेय का असं विचारत होते आणि मी जर्मनमध्ये उत्तरं देत होते, एकदाच अडले "तीन दिवसांपासून" ला, तेवढंच तू हळूच सांगितलंस. नंतर दाजी रात्रपाळीच्या आपोटेकला, म्हणजे औषधांच्या दुकानात गेले, खिडकीतून औषध घेऊन आले. सकाळी ताप उतरला. तू मात्र पहाटेपर्यंत फोन हातात धरून बसली होतीस हे मला दाजींकडून कळलं, तू बोललीच नाहीस कधी.

आई सारखी म्हणायची परक्या मुलखात कोण आहे गं तुमचं. आता नाही म्हणत.

शेगडी अजून माझ्याकडेच आहे, शनिवारी आणते. आणि या आठवड्यात केअरवोखेची, म्हणजे जिना झाडायच्या-पुसायच्या पाळीची पाटी तुझ्या दारावर आहे ना? गुडघा दुखतोय तुझा, जिना मी पुसणार, तू फक्त शेजारी उभी राहा.