नंबर लागल्यानंतरचे सेमिस्टर

फिलाडेल्फिया,
दि. ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय मिहिर,

सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. मेडिकल स्कूलचा होकार आल्याचे फोनवर कळले होतेच, पण साताऱ्याला आजोबांनी आळीभर कंदी पेढे वाटले आणि भेटेल त्याला ‘नातवाचा मेडिकलला नंबर लागला’ असे सांगत सुटले, हे वाचून फार बरे वाटले. पुन्हा एकदा मनापासून अभिनंदन. पत्राच्या शेवटी तू जो प्रश्न विचारला आहेस त्याचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखे नाही, म्हणून आज निवांत लिहायला बसलो आहे. प्रवेश तर झाला, मग या शेवटच्या सेमिस्टरमध्ये ग्रेडच्या मागे धावण्यात काही अर्थ आहे का, असे तू विचारतोस. आणि बायोकेमिस्ट्री पास-नो क्रेडिटवर (म्हणजे ग्रेड न घेता नुसते पास होण्यावर) टाकावी, स्टॅटिस्टिक्स तर सोडूनच द्यावे, असा तुझा बेत दिसतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. सगळीकडे ए मिळवण्यासाठी जिवाचे रान करण्याची तुला आता गरज नाही, आणि एखाददुसऱ्या बी-प्लसने तुझी झोप उडावी असेही काही नाही. मात्र अर्जात लिहून दिलेल्या विषयांपैकी एकालाही, मेडिकल स्कूलला आधी विचारल्याखेरीज, हात लावू नकोस. ग्रेड थोडी घसरणे आणि कबूल केलेला विषय गुपचूप गाळणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझ्या पत्रात त्या एकमेकींत मिसळलेल्या दिसतात.

हा घोटाळा आपल्या घरांत जरा जास्तच होतो, कारण आपल्या आईवडिलांच्या डोक्यात तिकडचा क्रम पक्का बसलेला आहे. भारतात आधी गुण आणि मग प्रवेश. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकते, त्यानंतर ७२० गुणांची नीट होते, तिचा निकाल लागतो आणि मग प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून बारावीत ५० टक्के असावे लागतात खरे, पण यादीत नाव येण्यापूर्वीच ती गुणपत्रिका त्याच्या हातात पडलेली असते. त्यामुळे यादी लागली की मागचा हिशेब मिटतो, आणि एमबीबीएसचे वर्ग सुरू होईपर्यंत मुलगा खुशाल गावी जाऊन झोपा काढू शकतो. इकडे सगळे उलटे आहे. गेल्या जूनमध्ये तू एएमसीएएसचा, म्हणजे इथल्या मेडिकल स्कूलांचा सामाईक, अर्ज भरलास तेव्हा पदवीचे अख्खे वर्ष शिल्लक होते. ऑक्टोबरच्या मध्यापासून होकार जायला लागतात, तुझा जानेवारीत आला. आणि पदवी मिळणार आहे मे महिन्यात. ज्या पदवीच्या भरवशावर तुला जागा दिली गेली ती अजून तुझ्याजवळ नाही. साखरपुडा झाला आहे, अक्षता पडायच्या आहेत, एवढे सांगितलेस तर आजोबांनाही पटेल.

आता होकाराचे पत्र पुन्हा एकदा उघड आणि अभिनंदनाचा परिच्छेद ओलांडून खाली वाच. तिथे अटी लिहिलेल्या असतील. प्रवेशापूर्वी पदवी पूर्ण झालेली असावी. आवश्यक विषय ठरलेल्या ग्रेडने, बहुतेक ठिकाणी किमान सी ग्रेडने, उत्तीर्ण असावेत. आतापर्यंत ज्या ज्या कॉलेजात शिकलास त्या प्रत्येकाचे अंतिम ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) यावे. पार्श्वभूमीची तपासणी आणि लसीकरणाच्या नोंदी पूर्ण व्हाव्यात, अशा स्वरूपाच्या. एएमसीएएसने तुझा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, उन्हाळ्यात पडताळला तो तिथेच थांबला. त्यानंतरच्या ग्रेड ते त्यात मिळवत नाहीत. पुष्कळ जण यावरून असा निष्कर्ष काढतात की आता कोणी पाहतच नाही. परंतु अंतिम ट्रान्सक्रिप्ट एएमसीएएसकडे न जाता थेट मेडिकल स्कूलकडे जाते, आणि तू अर्जात ‘चालू व पुढील विषय’ म्हणून जी यादी दिली होतीस तीही त्यांच्याजवळ असतेच. यादीत असलेला विषय ट्रान्सक्रिप्टवर नसला, किंवा त्याच्यापुढे डब्ल्यू (विषय सोडल्याची खूण) असला, तर ते कळायला फार हुशारी लागत नाही.

तू मुख्यतः जीपीएची चिंता करतोस, म्हणून जरा आकडेमोड करून दाखवतो. तुझ्या रटगर्स विद्यापीठात पदवीसाठी १२० क्रेडिट लागतात, आणि ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २, डी म्हणजे १ असा हिशेब असतो. समज, तुझे १०५ क्रेडिट ३.८ च्या सरासरीने झाले आहेत आणि या सेमिस्टरला १५ उरले आहेत. पंधराही क्रेडिटमध्ये तुला फक्त बी मिळाला, तरी अखेरची सरासरी ३.७ येते. सगळीकडे सी मिळाला, तरी ती ३.५७५ राहते, म्हणजे कागदावर अजूनही नाव ठेवण्यासारखी नाही. साडेतीन वर्षांत सरासरी इतकी जड झालेली असते की एका सेमिस्टरने ती फारशी हलत नाही. पण आता दुसरे उदाहरण घे. बाकी सर्व विषयांत ए आहे आणि तीन क्रेडिटच्या बायोकेमिस्ट्रीत डी पडला, तर सरासरीत फरक पडतो तो अवघा ०.०७५ चा; आणि तुझ्या मेडिकल स्कूलने बायोकेमिस्ट्री आवश्यक विषयांत धरली असेल तर प्रवेशाची एक अट मात्र सरळसरळ मोडते. म्हणून यापुढे सरासरीकडे पाहण्यात काही हशील नाही. कोणता विषय अटीत आहे आणि कोणता नाही, एवढेच पाहा.

माझ्या मेडिकल स्कूलमधल्या एका वर्गमित्राची गोष्ट तुला सांगितली नसेल. होकार आल्यानंतर त्याने वसंत सेमिस्टरमधला प्रयोगशाळेसह असलेला एक विषय सोडला. विषय अवघड होता म्हणून नव्हे, तर आठवड्यातली एक अख्खी दुपार त्यात जात होती म्हणून. तो विषय त्या मेडिकल स्कूलच्या आवश्यक यादीत होता. मे महिन्यात अंतिम ट्रान्सक्रिप्ट गेल्यावर प्रवेश कार्यालयाचे पत्र आले, आणि मग गडी भानावर आला. उन्हाळ्यात घराजवळच्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात तोच विषय करतो म्हणाला, तर तिथले क्रेडिट चालतील की नाही हे आधी विचारावे लागले, कारण काही मेडिकल स्कूल आवश्यक विषयांसाठी चार वर्षांच्या कॉलेजाचेच क्रेडिट मान्य करतात. अखेर त्यांनी परवानगी दिली आणि तो आमच्यासोबत ऑगस्टमध्ये वर्गात बसला. पण बाकीचे हिंडत होते तेव्हा हा उन्हाळाभर टायट्रेशन करत होता. विषय सोडण्यापूर्वी एक ईमेल टाकला असता, तर ‘हा सोडू नका, हवे तर दुसरा सोडा’ असे उत्तर त्याला बहुधा दोन दिवसांत मिळाले असते.

होकार मागे घेतला जाण्याची भीती घालण्यासाठी हे लिहीत नाही. एक-दोन बींसाठी कोणी जागा काढून घेत नाही, आणि निवडलेला विद्यार्थी गमावण्यात त्यांनाही रस नसतो. मात्र एवढे लक्षात असू दे की दरवर्षी ५०,००० हून अधिक जण एमडीसाठी (इकडे डॉक्टर होण्याची मूळ पदवी हीच) अर्ज करतात आणि त्यातून जेमतेम २३,००० आत जातात. प्रत्येक मेडिकल स्कूलजवळ प्रतीक्षा यादी तयार असते, आणि ऑगस्टपर्यंत त्या यादीतून मुले उचलली जातात. तुझी जागा रिकामी झाली तर ती रिकामी राहणार नाही.

ग्रेडपेक्षा कितीतरी गंभीर गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्याविषयी तू पत्रात चकार शब्द काढलेला नाहीस. सेमिस्टरच्या शेवटी मन उडालेले असते, लॅबचा अहवाल रात्री बारापर्यंत चढवायचा असतो, आणि मित्राची फाइल एका क्लिकवर असते. एरवी सरळमार्गी असलेली मुले इथेच घसरतात. कॉलेजने अशा प्रकरणात कारवाई केली तर घडल्यापासून कामाच्या दहा दिवसांच्या आत ती मेडिकल स्कूलला कळवण्याचे बंधन अर्जावर सही करतानाच तू स्वीकारले आहेस; वसतिगृहातल्या पार्टीतून पोलिसांपर्यंत गेलेल्या प्रकरणालाही तोच नियम आहे. पदवीच्या तोंडावरचा सी समजून घेणारे लोक पदवीच्या तोंडावरची कॉपी समजून घेत नाहीत, आणि माझ्या मते त्यांचे बरोबर आहे. अहवाल जमला नाही तर अर्धा लिहून दे आणि गुण जाऊ दे.

आता तू विचारलेल्या दोन विषयांकडे वळतो. बायोकेमिस्ट्री ग्रेडनेच कर. अट तर आहेच, पण माझे कारण जास्त स्वार्थी आहे. तुमच्याकडे जो भाग एका सेमिस्टरमध्ये रमतगमत होतो तो इथे मेडिकल स्कूलमध्ये पहिल्या वर्षी काही आठवड्यांत उरकतात, आणि ज्याने ग्लायकोलिसिस किंवा युरिया सायकल आधी एकदा नीट, कागदावर काढून पाहिलेली असते तो त्या आठवड्यांत जेवायला तरी वेळेवर जातो. वर्गातल्या ज्या मुलांनी ती केलीच नव्हती तीही तरली, पण कशी तरली ते मी पाहिले आहे. स्टॅटिस्टिक्स तुझ्या मेडिकल स्कूलच्या आवश्यक यादीत नसेल तर ते पास-नो क्रेडिटवर टाकण्याची परवानगी माग. सोडून मात्र देऊ नकोस. संवेदनशीलता, विशिष्टता, कॉन्फिडन्स इंटरव्हल हे सारे इथे पदोपदी भेटते आणि ते कोणी सावकाश बसून शिकवत नाही. पाचवा जो इतिहासाचा विषय तू हौसेने घेतला आहेस, त्याला सर्वांत जास्त वेळ दिलास तरी माझी हरकत नाही. असे वाचन पुढची काही वर्षे तुला मिळणार नाही.

परवानगी मागणारा ईमेल चार ओळींचा असू दे. अर्जात कोणता विषय दाखवला होता, त्यात कोणता बदल करायचा आहे, का करायचा आहे, आणि त्यानंतरही पदवी मे महिन्यातच पूर्ण होते, एवढे पुरे. लांबलचक कारणे देत बसू नकोस. उत्तर येईपर्यंत रजिस्ट्रारच्या पोर्टलवर काही करू नकोस, आणि आलेले उत्तर जपून ठेव. कारण जूनमध्ये तुझी फाइल पाहणारी व्यक्ती आणि फेब्रुवारीत तुला उत्तर देणारी व्यक्ती एकच असेल असे नाही.

या ग्रेडचा पुढे काही उपयोग आहे का, हाही तुझा प्रश्न आहे, आणि इतर कोणी कबूल करणार नाही म्हणून मी कबूल करतो की फारसा नाही. रेसिडेन्सीच्या, म्हणजे पुढच्या रुग्णालयातील प्रशिक्षणाच्या, निवडीवेळी मेडिकल स्कूलमधली कामगिरी पाहतात. रटगर्सच्या शेवटच्या सेमिस्टरमध्ये तुला काय मिळाले हे कोणी काढून बघत बसत नाही. इथे पहिल्या दोन वर्षांत अनेक ठिकाणी पास-फेलच असते, आणि यूएसएमएलई या डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेची पहिली पायरीसुद्धा जानेवारी २०२२ पासून पास-फेल झाली आहे. त्यामुळे ‘ए मिळेल’ या आशेवरच अभ्यासाला बसण्याची सवय असलेल्या आमच्यासारख्यांची इथे पहिले काही महिने पंचाईत होते. मी स्वतः सध्या याच परीक्षेच्या तयारीत आहे. निकालात आकडा नसला तरी रोजचे प्रश्न सोडवावेच लागतात, आणि कोणी ग्रेड देणार नाही हे माहीत असूनही त्या खुर्चीत बसणे हे मला सरळ सरळ अवघड गेले. तुला या वसंतात त्याचा थोडा सराव आपोआप होईल.

एक गोष्ट राहिली. अर्जातल्या उपक्रमांच्या रकान्यात तू प्रयोगशाळेतले काम मे अखेरपर्यंत चालू राहील असे धरून पुढचे अपेक्षित तास लिहिले होतेस, आणि त्याच प्रयोगशाळेच्या बाईंनी तुझे शिफारसपत्र लिहिले. होकार आल्यापासून बुश कॅम्पसवर त्या प्रयोगशाळेत आठवड्यातून एकदाच जातो, असे तू सहज लिहून गेला आहेस. त्यासाठी कोणी जागा काढून घेणार नाही, कोणी विचारणारही नाही. पण त्या बाईंनी तुझ्यासाठी शब्द टाकला होता, आणि पुढच्या वर्षी दुसरा कोणीतरी मुलगा त्यांच्याकडे पत्र मागायला जाणार आहे. तास कमी करायचे असतील तर जाऊन तसे सांग आणि हातातला प्रयोग कोणाच्या तरी स्वाधीन कर. नुसते येईनासे होऊ नकोस.

घराजवळच्या ज्या दुसऱ्या ठिकाणी तू प्रतीक्षा यादीवर आहेस, तिथे अजून आशा असेल तर गेल्या सेमिस्टरच्या ग्रेड त्यांना आताच कळव. त्या चांगल्या आहेत आणि तिथे अजून कामी येऊ शकतात. त्यांच्यापुरता तरी तू आजही उमेदवारच आहेस. ३० एप्रिलपर्यंत एएमसीएएसच्या पोर्टलवर एकच मेडिकल स्कूल निवडायचे असते. त्या वेळी ‘प्लॅन टू एन्रोल’ केलेस तर इतर प्रतीक्षा याद्यांवर राहता येते, पण ‘कमिट टू एन्रोल’ दाबलेस की त्या साऱ्यांवरून नाव काढावे लागते. ते बटण घाईने दाबू नकोस. तुझे मेडिकल स्कूल त्याची तारीख कळवेल.

आणि मे महिन्यात ट्रान्सक्रिप्ट मागवताना, पदवीची नोंद झाल्यानंतरच ते पाठवले जावे हा पर्याय आठवणीने निवड. नुसत्या ग्रेड लागल्याबरोबर पाठवलेस तर त्यावर पदवीची तारीख नसेल आणि सगळे पुन्हा करावे लागेल. उन्हाळ्यात कधी काळी हौसेने एखादा विषय दुसऱ्या कॉलेजात केला असशील तर तिथलेही ट्रान्सक्रिप्ट लागेल, ते आत्ताच मागवून ठेवलेस तरी चालेल.

मार्चच्या सुट्टीत एडिसनला येणार आहे, तेव्हा सविस्तर बोलूच. काकाकाकूंना माझा नमस्कार सांग, आणि साताऱ्याहून पेढे आलेच तर माझा वाटा बाजूला काढून ठेव.

तुझा,
ओंकार