झाडाखाली नको, ओढ्यातल्या दगडगोट्यांवर झोपा: रेडवुडची वाट दाखवणाऱ्या काकांना आभारपत्र

ती. काकांना सा. न.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या रेडवुड राष्ट्रीय उद्यानात, रेडवुड क्रीक या ओढ्याच्या काठी पाठीवर तंबू घेऊन जायचं ठरलं, की सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या आम्हा मराठी मंडळींचा पहिला फोन तुम्हाला असतो. तुम्ही तासभर बोलता, वहीत लिहून घ्यायला लावता आणि अस्वलापासून अन्न राखायचा तुमचा डबाही हातात देता. हे उपकार फिटणारे नाहीत. निदान चारचौघांत आभार मानावेत आणि तुम्ही शिकवलेलं पुढच्यांसाठी कागदावर यावं, म्हणून हे उघडं पत्र.

सगळ्यात आधी आभार एका वाक्याचे: "झाडं बघायला जा, झाडाखाली झोपू नका." रेडवुडला जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तंबू असतो तो शंभर मीटर उंच रेडवुड झाडाच्या बुंध्याला टेकलेला, आणि तुम्ही नेमकं तेच चित्र मोडता. एवढ्या उंच झाडाची मुळं खोल जातात जेमतेम दोन ते चार मीटर. ती आडवी मात्र तीस मीटरपर्यंत पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंतून एकमेकांना धरून ठेवतात. वरची भुसभुशीत माती पायांनी दाबली गेली की मुळांना हवा-पाणी मिळेनासं होतं. जगातलं सर्वांत उंच झाड, हायपेरियन, याच उद्यानात आहे. तिथे जायला वाट नाही. तरीही लोकांनी आपापल्या वाटा पाडल्या, बुंध्याभोवतीचे नेचे तुडवले, आणि २०२२ साली तो परिसर बंद करावा लागला. आता तिथे सापडलं तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

दुसरं कारण ठिबकण्याचं. उन्हाळ्यात इथे पाऊस जवळजवळ नसतोच, पण समुद्रावरून येणारं धुकं या झाडांच्या शेंड्यांत अडकतं आणि त्याचं पाणी रात्रभर खाली गळत राहतं. झाडांना उन्हाळ्यात त्याचा मोठा आधार असतो, पण खालचा तंबू पहाटेपर्यंत भिजून जातो. शिवाय वरून केव्हाही सुटू शकणाऱ्या सुक्या फांद्या आहेत. तंबू उभारण्याआधी मान वर करून बघायची सवय तुम्ही लावलीत, ती आता सुटणार नाही.

म्हणून मुक्काम ओढ्याच्या पात्रातल्या गोट्यांच्या पट्ट्यावर. नियमही तसाच आहे. वाट सुरू होते ऑरिक गावाजवळ, बॉल्ड हिल्स रोडच्या फाट्यापासून. दीड मैलावर मॅकआर्थर क्रीक येऊन मिळतो, त्याच्या वरच्या अंगालाच पात्रात राहता येतं. पुढे आठेक मैलांवर टॉल ट्रीज ग्रोव्ह ही उंच रेडवुडची राई आहे, त्याच्या पाव मैलाच्या आत मुक्काम चालत नाही. परवाना मोफत असला तरी तो आधी काढावाच लागतो. ओढ्यावरचे दोन्ही लाकडी पूल उन्हाळ्यापुरतेच टाकतात आणि शरद ऋतूत पावसाआधी काढून घेतात. त्यामुळे जून ते सप्टेंबर हाच खरा हंगाम. पूल नसताना, पावसाने फुगलेल्या ओढ्यात उतरायचा विचारसुद्धा करू नका, हे तुम्ही इतक्यांदा बजावलंत की आता घरातली मुलंही तेच सांगतात.

हे गोटे तिथे आले कुठून, तेही तुम्हीच सांगितलंत. १९६८ साली राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा या ओढ्याकाठची जेमतेम अर्धा मैल रुंदीची पट्टी त्यात आली. वरच्या उतारांवर झाडतोड चालूच राहिली. १९६४ च्या महापुराने आणि उघड्याबोडक्या झालेल्या डोंगरांनी पात्रात गाळ आणि दगड लोटले. १९७८ साली उद्यान वाढवलं, पण तेव्हा मिळालेली बरीचशी जमीन आधीच तोडलेली होती. म्हणजे आपण पाठ टेकतो त्या पट्ट्यात त्या तोडलेल्या डोंगरांची माती आहे. हे कळल्यावर तिथला कचरा उचलताना हात आपोआप जास्त काळजीने चालतो.

आता तंबू. गोट्यांत खुंट्या धरत नाहीत. आत जात नाहीत, आणि गेल्याच तर वाऱ्याच्या एका झोताने सुटतात. तुमची दोन दगडांची युक्ती अशी: दोरीच्या टोकाला मोठा फास करायचा, त्यात नारळाएवढा दगड किंवा हातभर लांबीचं जाड लाकूड अडकवायचं, ते जमिनीवर आडवं ठेवायचं आणि त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूने, कलिंगडाएवढा दगड ठेवायचा. ओढ बसली की लहान दगड मोठ्याला अडतो, आणि मोठा हलत नाही. नुसता जड दगड दोरीवर ठेवला तर दोरी खालून सरकते, घासून तुटते. यासाठी तीन मिलिमीटरची दहा-बारा मीटर जादा दोरी हवी, आणि तंबू स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणाराच हवा. निघताना सगळे दगड जिथले तिथे.

जागा निवडताना पाण्याची जुनी रेघ शोधायची, म्हणजे काटक्या-पालापाचोळा अडकलेली ओळ, आणि तिच्या वर राहायचं. दवाचा त्रास पात्रातही होतो, हे तुम्ही लपवलं नाहीत. रात्रीचं तापमान सात ते बारा अंशांच्या आसपास, आणि हवा ओलसर. म्हणून बाहेरचं कापड ताठ ओढायचं, ते आतल्या जाळीला टेकू द्यायचं नाही, आणि थंडी वाजली तरी दोन्हीकडच्या झडपा उघड्या ठेवायच्या. झडपा बंद केल्या की आपल्याच श्वासाचं पाणी आत टपकतं. खालचं अंथरायचं कापड तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान हवं. बाहेर डोकावलं की ते वरून ओघळणारं पाणी धरून थेट आपल्या पाठीखाली आणतं. पिसांची स्लीपिंग बॅग ओली झाली की गोळा होते आणि ऊब देत नाही, म्हणून कृत्रिम धाग्याची बरी. सुती बनियन, सुती मोजे घरीच.

अन्नाबद्दल तुम्ही जे सांगितलंत, त्याचे आभार मानायला शब्द अपुरे पडतात. अन्न जपायचं एक कारण अस्वल, हे सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही दुसरं सांगितलंत: मार्बल्ड मरेलेट. हा समुद्रात मासे धरणारा छोटा पक्षी अंडं घालायला मात्र कित्येक मैल आत, जुन्या झाडांच्या जाड फांद्यांवरच्या शेवाळात येतो. घरटं बांधत नाही आणि अंडं एकच घालतो. १९९२ पासून तो संकटग्रस्त म्हणून कायद्याने संरक्षित आहे. आपण सांडलेल्या कणांवर 'स्टेलर्स जे' आणि 'रेव्हन' हे कावळ्याच्या कुळातले पक्षी जमतात, तिथेच घुटमळतात आणि त्याच रानातलं मरेलेटचं अंडं किंवा पिल्लू खातात. म्हणून तुमचा नियम: चिवडा बंद. पोह्याची एक पाकळी दगडांच्या फटीत गेली की ती कुणाला सापडत नाही, फक्त त्या 'जे' पक्ष्याला सापडते. त्याऐवजी गुळपापडीच्या वड्या, खजूर, शेंगदाण्याचे लाडू, एका घासात संपणारं. खायचं तेही एकाच जागी, मांडीवर रुमाल पसरून, आणि रुमाल पिशवीत झटकायचा.

उपम्याचं तुमचं प्रमाण पाठ झालं आहे: माणशी ८० ग्रॅम रवा, घरीच फोडणी घालून कोरडा भाजलेला, आणि कमी पडण्यापेक्षा जास्तच बरं म्हणून ३०० मिलिलिटर पाणी. उकळलं की रवा घालायचा, गॅस बंद, झाकण, वरून टोपी, दहा मिनिटं. तळणं नाही, रानात फोडणी नाही. एक लिटर पाणी उकळायला साधारण पंधरा ग्रॅम गॅस जातो. दोघांना दोन रात्री १०० ग्रॅमचा डबा कसाबसा पुरतो, तेव्हा २३० चा घ्यावा. भारतातून येणाऱ्यांनी तो इथेच विकत घ्यायचा, विमानात नेता येत नाही.

ओढ्याच्या पाण्यात बारीक गाळ असतो, तो पोकळ धाग्यांच्या फिल्टरमध्ये अडकतो आणि दुसऱ्या दिवशी फिल्टर थेंबथेंब गळू लागतो. पाणी तासभर पिशवीत स्थिर ठेवायचं, वरचं नितळ पाणी दुहेरी रुमालातून फिल्टरमध्ये घ्यायचं, आणि रोज रात्री फिल्टर उलट्या दिशेने धुवायचा. एवढं केलं की तो सबंध सहल टिकतो.

शौचासाठी पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून साठ मीटर लांब, काळ्या मातीत वीतभर खड्डा. गोट्यांत नाही, कारण तिथे काही कुजत नाही. कागद परत आणायचा.

आणि पॉयझन ओक! तीन-तीन पानांची ही झुडपं वाटेच्या कडेला सगळीकडे आहेत. "आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं आहे" असं तुम्ही म्हणालात आणि आजी-आजोबांनाही लगेच समजलं: बिब्बा उततो तसं हेही उततं. याचं तेल चपलेवर, पाठपिशवीच्या पट्ट्यावर, काठीच्या मुठीवर महिनोन्महिने टिकून राहतं. लांब बाह्या, लांब पँट. हात लागलाच तर थंड पाणी आणि साबण, चोळून.

काका, तुमचा डबा धुऊन, उन्हात वाळवून ठेवला आहे. पहाटेच्या गारठ्यात झाकणाचं प्लास्टिक आखडतं आणि अंगठ्याने आतली खिट्टी दबत नाही. तिथे जुनं बँकेचं कार्ड सरकवलं की झाकण सहज फिरतं. म्हणून एक जुनं कार्ड दोरीने डब्याला बांधलं आहे. या शनिवारी डबा घेऊन घरी येतो. पुढच्या आठवड्यात फ्रीमाँटहून निघणाऱ्या दोन कुटुंबांना तो लागणार आहे, त्यांनाही तुमचाच नंबर दिला आहे.

तुमचे,
बे एरियातले आम्ही सगळे