बी कोणी फोडायची?

नामपुला, मोझांबिक
रविवार, 16 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पोर्तुगीज जावन पन्नास वर्सां झाली मा? मग थंयले लोक अजून गरीब कित्याक?" मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती, आबा. उत्तर नव्हतं. तुम्ही जन्मभर दुसऱ्यांची पत्रं घरोघर पोचवलीत, म्हणून म्हटलं हे तरी कागदावर लिहावं. मीठबावच्या भाऊंचा पुतण्या डिसेंबरात गावी जातोय, त्याच्याबरोबर पाठवतो.

लिहायला बसलो आणि लाईट गेली. आता मेणबत्तीवर लिहितोय. गंमत म्हणजे या देशात झांबेझी नदीवर काहोरा बासा नावाचं प्रचंड धरण आहे, आफ्रिकेतल्या मोठ्यांपैकी एक. पोर्तुगिजांनी ते 1969 ला बांधायला घेतलं, ते मुळी दक्षिण आफ्रिकेला वीज विकायची म्हणून. त्याची बहुतेक मालकी 2007 पर्यंत पोर्तुगालकडेच होती. आजही तिथली बरीचशी वीज तारेवरून थेट तिकडे जाते आणि आम्ही इथे काडेपेटी शोधतो.

आगगाडीचंही तसंच. नकाशा काढून बघा. मापुतोची लाईन जोहान्सबर्गकडे, बैराची झिंबाब्वेकडे, आमची नाकालाची मलावीकडे. सगळ्या आडव्या, खाणी-मळ्यांतून बंदराकडे. उत्तरेतून दक्षिणेत, म्हणजे नामपुलाहून राजधानी मापुतोला जायला रेल्वे नाहीच. रस्त्याने दोन हजार किलोमीटर. झांबेझीवर काइयाला रस्त्याचा पूल झाला तो 2009 साली, तोवर गाड्या फेरीबोटीतून पलीकडे जायच्या. कोकण रेल्वे 1998 ला आली तेव्हा तुम्ही सावंतवाडीला नुसती गाडी बघायला गेला होतात, आठवतं? इथल्या माणसांना मापुतोला जाणारी गाडी अजून नाहीच. त्यांच्या दारावरून कोळशाची शंभरावर डब्यांची मालगाडी जाते, फाटक अर्धा-अर्धा तास बंद राहतं, रेल्वेशी बहुतेकांचा संबंध एवढाच.

आता माझ्या धंद्याचं सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच थोडंफार सापडलं.

इथला काजूचा हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी-फेब्रुवारी, आपल्या नेमका उलटा. सध्या मी रोज गाडी घेऊन गावोगावच्या खरेदीवर जातो. झाडाखाली काटा लावायचा आणि कट टेस्ट घ्यायची. किलोभर बी घेऊन नग मोजायचे. 180 भरले तर दाणा टपोरा, 220 वर गेले तर बारीक. मग एकेक बी कात्रीने उभी चिरायची. चांगला गर एकीकडे, डागी दुसरीकडे, पोचट तिसरीकडे. त्यावरून 80 किलोच्या पोत्यात किती पौंड गर निघेल ते काढायचं. पोतं किलोत आणि गर पौंडात! हा हिशेब कोणी सुरू केला देव जाणे, पण अख्ख्या जगाचा काजू त्यावर चालतो. या आकड्यावर भाव ठरतो, आणि कात्री माझ्या हातात असते, समोरच्या बाईच्या नाही. ते मला रोज थोडं टोचतं.

गेल्या आठवड्यात आंगोशकडच्या एका गावात असाच चिरत बसलो होतो. साठीची एक बाई समोर उकिडवी बसून माझे हात बघत होती. दुभाष्याकडून तिने विचारलं, "याला कोणी शिकवलं? डाग लागलेली चांगल्यात टाकतोय." मी बघितलं तर खरंच टाकली होती. मग कळलं, ती पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आंगोशच्या काजू कारखान्यात होती. तो बंद पडून आता छपराचे पत्रेही राहिले नाहीत. तिने माझ्या हातातली कात्री घेतली आणि दहा मिनिटांत उरलेली अर्धा किलो बी संपवली.

तुम्हाला खोटं वाटेल, पण 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला काजू बीच्या उत्पादनात हा देश जगात पहिला होता. वर्षाला 2 लाख टनांच्या वर. झाड पोर्तुगिजांनीच ब्राझीलहून आणलं, आपल्याकडेही आणि इथेही, आणि 'काजू' हा शब्दही त्यांच्याकडूनच आला. मोठमोठे कारखाने इथे होते, हजारो माणसं कामाला. मग स्वातंत्र्यानंतरच्या युद्धात सगळं ढासळलं. काही वर्षी उत्पादन चौथ्या हिश्श्यावरही आलं नाही. पण कच्ची बी बाहेर न्यायला सरकारने बंदी घातली होती, त्यामुळे जी काही पिकायची ती इथेच फुटायची.

युद्ध संपलं तेव्हा देश कर्जात बुडालेला. जागतिक बँक म्हणाली, कर्ज पाहिजे ना, मग कच्च्या काजूवर बंदीच्या जागी आलेला निर्यातकर उतरवा. शेतकऱ्याला जास्त भाव मिळेल, आणि तुमचे कारखाने तरी कुठे धड चालतात? त्यातलं दुसरं खोटं नव्हतं. जुनी मोठाली यंत्रं बी आपटून फोडायची, पाकळी आणि तुकडाच फार व्हायचा. पण सरकारने ते कारखाने तेव्हाच खासगी मालकांना विकले होते आणि लगेच कर उतरवला. बी जहाजात बसून निघाली. कुठे? भारतात. आपल्याकडे हाताने फोडणाऱ्या बायका स्वस्त, अख्खा गर जास्त, आणि दुसरं कोणी मोठं गिऱ्हाईकही नव्हतं. 2000 सालाच्या आसपास इथले जवळजवळ सगळे मोठे कारखाने बंद पडले आणि सुमारे 10 हजार कामगार घरी बसले. शेतकऱ्याला काय मिळालं? डॅनी रॉड्रिक आणि आणखी दोन अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशेब मांडला, तर काजू पिकवणाऱ्या कुटुंबाला वर्षाला फार तर 5 डॉलर 30 सेंट जास्तीचे. वर्षाला, आबा. बाकीचं मधल्या व्यापाऱ्यांनी खाल्लं. आणि मी कोण? मधलाच.

आता आईला हे वाचून दाखवताना जरा सांभाळून. ती ज्या कारखान्यात सोलायला जायची, तिथे जूनमध्ये आपली बी संपली की पावसाळाभर आफ्रिकेची बी यायची. गोण्यांवरची ती परकी अक्षरं मी वहीत उतरवून काढायचो. माझ्या बारावीची फी त्या पावसातल्या कामातून भरली. त्या गोण्या आंगोशच्याच असतील असं नाही. टांझानियाच्या असतील, गिनी-बिसाऊच्या असतील, आणि मोझांबिकची बी तर जास्त करून केरळात जायची. तरी त्या बाईने कात्री परत दिली तेव्हा मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

तुमचं पुढचं वाक्यही मी ऐकलंय : "गोवो पण त्यांच्याकडेच होतो, साडेचारशे वर्सां. तो खंय गरीब आसा?" बरोबर. शिवाय 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालायचा. पण गोव्यातल्या माणसाला त्यांनी निदान शाळा, वकिली, डॉक्टरकी शिकू दिली. इथे 'इंडिजिनातो' म्हणून कायदा होता. त्यात काळा माणूस नागरिकच नाही. पोर्तुगीज बोलून, त्यांच्यासारखं राहून दाखवलं तर 'आसिमिलादो' म्हणून कागद मिळायचा, तोही शंभरात एकाला नाही. बाकीच्यांनी सक्तीची मजुरी करायची. या नामपुला भागात 1938 पासून सक्तीचा कापूस होता. चंपारणच्या निळीबद्दल तुम्ही आम्हाला सांगायचात, अगदी तसंच. खायला मका-कसावा लावायच्या जागी कापूस लाव, तो कंपनीला ठरलेल्या भावात घाल, नाहीतर फटके. पोर्तुगालच्या गिरण्या त्यावर चालल्या. हे 1961 पर्यंत. दक्षिणेतले पुरुष तर दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींना भाड्याने दिलेले, आणि त्यांच्या पगाराचा एक भाग पोर्तुगाल सोन्याच्या रूपात स्वतः घ्यायचा.

1961 साली आपल्या सैन्याने गोवा सोडवला, त्याचा राग इथल्या भारतीयांवर निघाला. हजारोंना छावण्यांत कोंडलं, मालमत्ता गोठवली, मग देशाबाहेर काढलं. आपल्याला शाळेत मुक्तिसंग्रामाच्या धड्यात हे कधी सांगितलं नाही.

25 जून 1975 ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा शंभरातल्या नव्वदांहून जास्तांना लिहिता-वाचता येत नव्हतं. दोन लाखांच्या आसपास पोर्तुगीज बघता बघता निघून गेले, आणि इंजिनाचा ड्रायव्हर, फिटर, गावातला दुकानदार, बरेचसे तेच होते. जाताना कोणी ट्रॅक्टर फोडले, कोणी इमारतींच्या लिफ्टच्या खड्ड्यात सिमेंट ओतलं. पण मला विचाराल तर सगळ्यात मोठा घाव त्या गावातल्या दुकानांचा. 'कांतीना' म्हणतात. दुकानदार काजू घ्यायचा आणि मीठ, कापड, रॉकेल द्यायचा. कांतीना बंद झाली आणि बी झाडाखाली पडून राहू लागली. बी वेचून करायचं काय, मीठच मिळत नसेल तर? आपल्या वाडीतलं नानांचं दुकान एक वर्ष बंद ठेवून बघा.

गोव्याच्या पाठीशी अख्खा भारत उभा होता. यांच्या शेजाऱ्यांनी यांच्यावर युद्ध लादलं. ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आताच्या झिंबाब्वेतल्या, गोऱ्या सरकारची नाकेबंदी करायची म्हणून 1976 ला इथले पहिले राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांनी सीमा बंद केली. त्यात बैरा बंदराचं स्वतःचंच उत्पन्न बुडालं. ऱ्होडेशियाने चिडून रेनामो नावाची बंडखोर फौज उभी केली, पुढे ती दक्षिण आफ्रिकेने पोसली. शाळा जाळल्या, दवाखाने जाळले, रूळ उखडले. 1992 ला रोममध्ये समझोता होईपर्यंत दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, बरीचशी उपासमारीने.

सगळं दुसऱ्यांवर ढकलू नको म्हणाल. नाही ढकलत. स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेल्या फ्रेलिमो पक्षवाल्यांनी शेतकऱ्यांना वस्त्या सोडायला लावून सरकारी गावांत कोंबलं, तेही माणसांना नको होतं. आणि अलीकडचं तर लाज वाटण्यासारखं आहे. 2013-14 साली संसदेला न सांगता सुमारे 200 कोटी डॉलरचं कर्ज काढलं, म्हणे टुना मासे पकडायला होड्या आणि किनाऱ्यावर गस्त. 2016 ला ते उघड झालं, मदत थांबली, पैशाची किंमत घसरली. तेव्हाचे अर्थमंत्री मान्युएल शांग यांना 2024 साली न्यूयॉर्कच्या कोर्टाने दोषी ठरवलं. होड्या मापुतोच्या धक्क्यावर गंजत पडल्या आणि कर्ज या बायकांच्या डोक्यावर.

बोत्स्वाना मात्र 1966 ला स्वतंत्र झाला तेव्हा मोझांबिकपेक्षा भिकारी होता, आणि आज बराच पुढे आहे. माझं मत विचाराल तर तिथे इंग्रजांना काढून नेण्यासारखं काही दिसलं नाही म्हणून त्यांनी फारसं काही मोडलं नाही. लोकांची जुनी सभा, जुने प्रमुख टिकले. हिरे सापडले ते स्वातंत्र्यानंतर, आणि तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांनी हिऱ्यांच्या कंपनीशी घासाघीस करून निम्मा वाटा घेतला. इथे उत्तरेला काबो देल्गादोत समुद्राखाली गॅस सापडला, तर 2017 पासून तिथे बंदुका चालू आहेत.

आता घरचं. मोहर कधी धरतोय ते कळवा, यंदा थंडी वेळेवर आहे का? वेंगुर्ला-7 काजूची जी सहा कलमं लावली त्यांना फवारणी चुकवू नका. तुमच्या गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्या असतील, बाबूला आधीच सांगून ठेवा.

आणि आईसाठी एक काम. इथे आता हाताने फोडणारे नवे लहान कारखाने काही वर्षांपासून उभे राहिलेत. मोनापोजवळच्या एकात मी परवा गेलो होतो, तिथल्या पोरींचे हात चिकाने काळे पडून सालं निघतायत. हातमोजे देतात, पण मोज्यांनी बी धरता येत नाही म्हणून त्या काढून ठेवतात. आई हाताला आधी राख लावायची की आधी खोबरेल, हे मला नक्की आठवत नाही. तिला विचारून फोनवर सांगा. खोबरेल इथे किनाऱ्यावरच्या बायका घरी काढतात, ते मिळेल.

तुमचा,
प्रकाश