घरी गाडी रंगवता तर दुपट्ट्यावर भागवू नका

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात कापसाचे भाव, पीकविमा सगळं येते, चांगलंच आहे, पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यात पोट्टे आता घरच्या घरी गाड्यांचं पेंटिंग शिकून राहिले त्यावर कोणी लिहीत नाही म्हणून मीच लिहितो. मीपण असाच शिकलो. भंगारातून जुन्या व्हॅनचा एक दरवाजा आणला अन् गोठ्यामागच्या शेडमध्ये दोन महिने त्याच्यावरच हात बसवला.

रंग मारणं शेवटचं काम, खरी मेहनत सँडपेपर मारण्यात आहे. गंज खरवडून चकचकीत पत्रा काढायचा, पुट्टी भरायची, मग 80 नंबरचा पेपर, मग 180, मग 320. पुट्टी कोरडीच घासायची, ती पाणी पिते. मी पाणी मारून घासली होती, पावसाळ्यात रंगाखालून फोड आले आणि सगळं पुन्हा पत्र्यापर्यंत काढावं लागलं. खड्डा डोळ्याला दिसत नाही, तळहाताखाली पातळ सुती फडकं धरून हळू फिरवलं की बोटांना बरोबर समजते.

आपल्या उन्हाचं तर व्हिडिओत कोणी सांगतच नाही. मे महिन्यात 45 डिग्रीत दुपारी रंगाची फवारा गन चालवली की रंग पत्र्यावर पोचायच्या आधीच वाळते आणि हाताला रेतीसारखा लागते. म्हणून मी सकाळी 6 वाजता मारतो, स्लो थिनर (रंग पातळ करणारं, हळू उडणारं) वापरतो, खाली जमिनीवर पाणी शिंपडतो. कापूस वेचणीच्या दिवसांत लॅकर (रंगावरचा पारदर्शक चकाकीचा थर) मारतच नाही, हवेतला तंतू येऊन बसतोच.

पण साहेब, लिहायचं कारण वेगळं आहे. वरून जो टू-के, म्हणजे दोन डब्यांतलं मिसळून बनणारा लॅकर मारतात त्याच्या हार्डनरमध्ये, म्हणजे त्याला कडक करणाऱ्या डब्यात, आयसोसायनेट नावाचं रसायन असते, त्यानं दमा लागतो, आणि एकदा का शरीरानं ते धरलं की नंतर जराशा फवाऱ्यानंही छाती भरते. वास आला नाही म्हणजे हवा साफ आहे असंही नसते. आमच्या गल्लीतला 19 वर्षांचा पोरगा तोंडाला दुपट्टा बांधून बंद खोलीत गन मारायचा, आता रात्री उठून बसते खोकत. मला ज्यानं लॅकर विकला त्यानं हार्डनर किती टाकायचा, थिनर किती, सगळं सांगितलं, मास्कचं नाव नाही काढलं. डब्यावर लिहिलेलं असते पण बारीक इंग्रजीत, कोण वाचते?

दुपट्टा, कापडी मास्क, काहीच कामाचं नाही. कमीत कमी तोंडावर घट्ट बसणारा, कोळशाच्या आणि फवाऱ्याचे बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचा रबरी मास्क पाहिजे, फिल्टर वेळेवर बदलला पाहिजे, हातमोजे, चष्मा, अंगभर कपडे पाहिजेत, आणि जागा उघडी. हे जमत नसेल तर घासणं, पुट्टी, हार्डनर न लागणाऱ्या प्रायमरपर्यंत घरी करा आणि लॅकर पेंट बूथवाल्याकडून (हवा खेचणारी रंगाची खोली असते त्याच्याकडून) मारून घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

आयटीआयमध्ये ऑटो बॉडी पेंटिंगचा एक वर्षाचा ट्रेड आहे, पण शेती सांभाळणाऱ्या पोराला वर्षभर कसं जमणार? उन्हाळ्यात तालुक्याला चार रविवार तरी वर्ग घ्या, आणि डब्यावरची सूचना मराठीत, मोठ्या अक्षरात छापायला लावा. तुम्ही छापलं तर कोणीतरी वाचेल.

तुमचा रोजचा वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ