सहा गॉब्लिन आणि एक ओगर

वरूड, जि. अमरावती

प्रिय गड्या,

संत्र्याच्या तोडीच्या गडबडीत तुझं पत्र मिळालं. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवरच्या गोष्टीच्या खेळात राक्षस तू चालवतोस, आणि तिघा पोरांची पात्रं तिसऱ्या लेव्हलची. एकट्या ओगरला, म्हणजे धिप्पाड राक्षसाला, त्यांनी आरामात लोळवलं आणि पुढच्याच खेपेला सहा गॉब्लिननी, म्हणजे बुटक्या राक्षसांनी, तिघांनाही पाडलं. ओगरचे एक्सपी (हरवल्यावर मिळणारे गुण) ४५०, सहा गॉब्लिनचे मिळून ३००, मग असं कसं, हा तुझा प्रश्न. पोरं हिरमुसून घरी गेली, याचं मलाही वाईट वाटलं.

बेरीज बाजूला ठेव आणि दर फेरीत समोरच्याला किती पाळ्या मिळतात ते मोज. समज, पोरांचा आर्मर क्लास, म्हणजे घाव बसायला गाठावा लागणारा आकडा, १५ आहे. ओगरला त्याची स्वतःची भर धरता वीसपैलू फाशावर ९ किंवा वर हवेत, आणि घाव बसला तर सरासरी १३ नुकसान. म्हणजे हुकलेले घाव धरून फेरीला आठाच्या आसपास. गॉब्लिनचा बाण निम्म्या वेळाच लागतो, नुकसान सरासरी साडेपाच. पण बाण सहा आहेत! फेरीला साडेसोळा झाले, ओगरच्या दुप्पट. तिसऱ्या लेव्हलच्या जादूगाराकडे सतरा-अठरा हिट पॉइंट, म्हणजे तेवढाच जीव, असतो. सगळे बाण त्याच्यावर वळले की पहिल्याच फेरीत तो आडवा. मग पोरांकडे दोन पाळ्या, गॉब्लिनकडे अजून सहा. वर गॉब्लिन बाण मारून त्याच पाळीत लपू शकतो, ते वेगळंच.

या खेळाच्या २०१४ च्या नियमांत याची सोय होती. तीन ते सहा मॉन्स्टर असतील तर एक्सपीची बेरीज दुप्पट धरायची. तुझे ३०० झाले ६००. तिसऱ्या लेव्हलच्या तिघांसाठी मध्यम लढाई ४५० ची, कठीण ६७५ ची. म्हणजे ती लढत जवळजवळ कठीणच होती. २०२४ च्या पुस्तकातून हा गुणक काढून टाकला. मला ते पटलेलं नाही. नवं पुस्तक वापरत असशील तरी लहान लेव्हलला गुणक मनात धरच.

आकड्यांइतकंच पोरांच्या हातात काय आहे तेही बघ. जुन्या नियमांतला स्लीप मंत्र पाच आठपैलू फासे टाकून सरासरी बावीस हिट पॉइंटांना झोपवतो. गॉब्लिनचे सात-सात, म्हणजे तीन गार. ओगरचे ५९, त्याला काही होत नाही. तुझ्या जादूगाराकडे तो मंत्र असता आणि त्याची पाळी आधी आली असती, तर सगळी लढाई फिरली असती.

मी काय करतो सांगतो. शहाबादी फरशीवर खडूने नकाशा काढायचा, गॉब्लिन म्हणून चिंचोके. सहापैकी तीनच मांडायचे, तीन मुठीत. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला मागच्या टेकाडावरून ते येतात. पोरांची टोळी सावरलेली असली तर लगेच, दमलेली असली तर एक फेरी उशिरा. पण फासे मात्र सगळ्यांसमोर टाकायचे आणि मॉन्स्टरचे हिट पॉइंट चोरून कमी करायचे नाहीत. पोरांना ते कळतं, आणि मग जिंकल्याचा आनंद राहत नाही.

आणि प्रत्येक गॉब्लिन मरेपर्यंत का लढेल रे? हरभऱ्यात शिरलेली रानडुकरं एक फटाका वाजला की धुऱ्यापलीकडे पसार होतात. निम्मे पडले की उरलेल्यांना पळू दे.

अजून एक. २०१४ चं गणित दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया धरून केलेलं आहे. आपण रविवारी एकच लढाई खेळतो, तेव्हा सगळे मंत्र शिल्लक असतात. म्हणून एकटा ओगर फिका पडला. पुढच्या वेळी त्याच्याआधी एखादी झटापट ठेव आणि मधे रात्रीची झोप मिळू देऊ नको.

आता पोरांचं. शून्य हिट पॉइंट म्हणजे मरण नव्हे, बेशुद्धी. त्यानंतर जगण्यासाठी टाकायचे फासे, म्हणजे डेथ सेव्ह, तीनदा हुकले की मरण, आणि तू लिहितोस की ते फासे टाकलेच नाहीत. मग गॉब्लिननी खंडणीसाठी त्यांच्या जखमा बांधल्या असं धर. रविवारी सुरुवात गुहेत, हात बांधलेले, हत्यारं पलीकडच्या कोपऱ्यात, राखणीला दोनच गॉब्लिन. तिघांना आजच फोन करून सांग की त्यांची पात्रं जिवंत आहेत.

काकूंना नमस्कार. पोरं गुहेतून कशी सुटली ते सविस्तर लिही.

तुझाच,
वरूडकर