एका पायातला बूट

आदरणीय काका,

शेवटचा पडदा पडला आणि आमच्या नाटकाचं नेपथ्य उभारणारे तुम्ही हत्यारांची पिशवी उचलून निघूनही गेलात. मुलं तुम्हाला विंगेत शोधत राहिली. म्हणून हे उघड पत्र, त्यांच्या वतीनं आणि माझ्याही.

चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ शाळेच्या रंगमंचावर आणायचं ठरलं तेव्हा माझा सगळा जीव संहितेत अडकला होता. १८६० च्या डिसेंबरपासून साप्ताहिकातून क्रमशः आलेली ५९ प्रकरणांची कादंबरी दीड तासात बसवायची होती. दलदलीकाठचं कब्रस्तान, बेड्यांतला कैदी, लोहाराची भट्टी, लंडन... काय ठेवायचं आणि काय गाळायचं! नेपथ्याचा विचार मी केलाच नव्हता. तुमच्याकडे फक्त एक लांब टेबल आणि काही घड्याळं मागितली.

तुम्ही करवत हातात घेण्याआधी पुस्तक वाचायला मागितलंत. परत दिलंत तेव्हा त्यात कागदाच्या खुणा होत्या, बहुतेक सगळ्या लग्नाच्या दिवशीच नवरदेवानं फसवलेल्या मिस हॅविशॅमच्या खोलीपाशी. नऊला वीस मिनिटं असताना थांबवलेली घड्याळं. उन्हाची तिरीपसुद्धा नाही, नुसत्या मेणबत्त्या. अंगावर पिवळा पडलेला लग्नाचा पोशाख.

आमची हॅविशॅम तोवर चेटकिणीसारखी हसायची, डोळे वटारायची. मला ते आवडतही होतं. तुम्ही एक तालीम मागं बसून पाहिलीत, मग तिच्यासमोर पांढऱ्या बुटांचा जोड ठेवलात. “बाळा, एकच घाल. दुसरा टेबलावर राहू दे. पुस्तकात तसंच आहे. नवरदेवाचं पत्र आलं तेव्हा ती तयार होत होती.”

एका पायात टाचेचा बूट, दुसरा पाय मोकळा. ती चालायला लागली आणि ते हसू आपोआप गळून पडलं. दर दुसऱ्या पावलाला अंग खाली जायचं, हात टेबलाची कड शोधायचा. चार फेऱ्यांत तिचा आवाज उतरला. ती कादंबरीच्या नायकाला, छोट्या पिपला ‘खेळ’ म्हणून हुकूम सोडते ना, त्या दिवशी त्या हुकमात पहिल्यांदा विनवणी ऐकू आली. रात्री मी तिची दीड पान स्वगतं काढून टाकली. त्यांची गरजच उरली नव्हती. इतके दिवस मी त्या मुलीला दुःख समजावून सांगत होते. तुम्ही ते तिच्या पायात घातलंत.

हॅविशॅमच्या पोशाखाला आग लागते तो प्रसंग तर मी गाळलाच होता, शाळेत ज्वाळा कुठून आणणार? पिप टेबलावरचा कपडा खेचून तिला त्यात लपेटतो, हे तुम्हीच दाखवून दिलंत. टेबलावर लग्नाचा थर्माकोलचा केक, ताणलेल्या कापसाची जळमटं, खालून तांबडा दिवा. कपडा ओढला की केक थराथरानं कोसळायचा आणि सभागृहात चिडीचूप. थर दोऱ्यात ओवलेले, म्हणून पुढच्या प्रयोगाला पुन्हा उभे. हे ओवण्याचं काम तुम्ही रंगमंचावर यायला घाबरणाऱ्या दोन मुलांना शिकवलंत, हे मला फार उशिरा कळलं. त्याबद्दल वेगळे आभार.

सामान आवरून झालं. घड्याळं ज्यांची त्यांना परत गेली. बुटांचा जोड मात्र आमच्या हॅविशॅमनं मागितला आहे. तो तुमचा आहे, म्हणून विचारते: तिच्याकडेच राहू दे का?

तुमची,
नाटक बसवणारी शिक्षिका