वायरलेस बंद राहू द्या, नोंद तरी दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत पोलिसांचं वायरलेस एन्क्रिप्टेड, म्हणजे बाहेरच्या कुणाला ऐकू येणार नाही असं सांकेतिक, करण्यावरून पत्रकार आणि पोलीस यांच्यात जुंपली आहे, त्याबद्दल आपल्या अंकात वाचलं. तिकडे स्कॅनर, म्हणजे पोलिसांचं वायरलेस ऐकवणारा रेडिओ संच, कुणीही विकत घेऊ शकतो, त्यामुळे आग, गोळीबार, अपघात अशा बातम्यांसाठी पत्रकारांना पोलिसांच्या फोनची वाट पाहावी लागत नसे. डेन्व्हरने २०१९ मध्ये ही सोय बंद केली, न्यूयॉर्कने २०२३ पासून टप्प्याटप्प्याने. शिकागोने मधला मार्ग काढला : ऐका, पण तीस मिनिटं उशिरा. कोलोरॅडोत २०२१ मध्ये कायदाच झाला, की ज्या पोलीस दलाला वायरलेस पूर्ण बंद करायचं असेल त्याने पत्रकारांच्या सोयीचं धोरण आधी लेखी ठरवावं. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो शहराने २०२१ मध्ये कुलूप लावलं आणि पुढच्याच वर्षी स्वतःहून काढलं.

हे वाचून आमच्या सेलूच्या दोघा-तिघा तरुण बातमीदारांनी 'आपल्याकडेही स्कॅनर पाहिजे' असा सूर लावला. त्यांना सांगावंसं वाटतं, की बाबांनो, जे आपलं कधी नव्हतंच ते परत कसं मागणार? १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यापासून विनापरवाना संच बाळगणं हाच आपल्याकडे गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात चोरून संदेश ऐकण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ज्यांना उत्साह असेल त्यांनी आधी जामीनदार बघून ठेवावा.

तरीही आमच्या पिढीने वायरलेस ऐकलं. तालुक्याच्या ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलावर संच खरखरत असायचा आणि समोरच्या बाकड्यावर चहाचा कप घेऊन वार्ताहर बसलेला असायचा. कंट्रोलने, म्हणजे पोलिसांच्या नियंत्रण कक्षाने, अमक्या फाट्यावर ट्रक आणि जीपचा अपघात सांगितला की अंमलदाराचा हात आधी आवाज कमी करायला बटणाकडे जायचा, मग स्टेशन डायरीकडे. तो हात सावकाश गेला तर बातमी आपली, चपळाईने गेला तर दुसऱ्या दिवशीची प्रेसनोट. हात सावकाश जाणं की चपळाईने, हे सर्वस्वी ठाण्यातल्या आपल्या वजनावर अवलंबून. पीआयच्या निरोप समारंभाची बातमी तीन कॉलम छापणाऱ्याला सगळं ऐकू यायचं. कोठडीतल्या मारहाणीबद्दल विचारणाऱ्याला बाहेर व्हरांड्यात बसवायचे.

आता बाकड्याची जागा व्हॉट्सॲप ग्रुपने घेतली, एवढाच फरक. ग्रुपवर फक्त ॲडमिनने लिहायचं. गुटखा पकडला, दुचाकीचोर धरला, जुगाराच्या अड्ड्यावर धाड टाकली, हे फोटोसकट पाच मिनिटांत येतं. दंगल, कोठडीतला मृत्यू, पोलिसांच्याच गाडीने कुणाला उडवलं, अशा वेळी ग्रुप मुका होतो.

एन्क्रिप्शनला माझा विरोध नाही, हे स्पष्ट लिहितो. अत्याचारित मुलीचं नाव-गाव, अल्पवयीन मुलांची नावं वायरलेसवरून जातात. ती गावभर ऐकू जाता कामा नयेत. अत्याचारित मुलीची ओळख प्रसिद्ध करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हाच आहे. २६/११ ला चॅनेलवाल्यांनी कारवाईचं थेट प्रक्षेपण केलं, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात कडक शब्दांत ताशेरे ओढले, तेही योग्यच होतं. मात्र 'गुन्हेगार ऐकतील' हे कारण मला फारसं पटत नाही. गोदाकाठच्या वाळूवाल्यांना कसला आलाय स्कॅनर! त्यांचा माणूस मोबाइल घेऊन फाट्यावर मोटारसायकलवर बसलेला असतो. साहेबांची गाडी वळायच्या आत नदीतले ट्रॅक्टर पसार.

म्हणजे कारवाई चालू असताना ऐकायला मिळावं, हा हट्ट आपण सोडू. कारवाई संपल्यावर काय बोलणं झालं, ते कळायला काय हरकत आहे?

१ सप्टेंबर २०२३ ला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत उपोषणस्थळी लाठीमार झाला. त्यानंतर महाराष्ट्रभर एकच प्रश्न विचारला जात होता : आदेश कोणी दिला? विरोधकांनी मंत्रालयाकडे बोट दाखवलं, सरकारने आदेश वरून नव्हताच असं सांगितलं. जालन्याचे अधीक्षक सक्तीच्या रजेवर गेले, तत्कालीन गृहमंत्र्यांनी माफीही मागितली. आम्हा वाचकांच्या वाट्याला मात्र आरोप आणि खुलासेच आले. त्या दुपारी वायरलेसवर कोण कोणाला काय म्हणालं, हे वेळेवारीसह समोर ठेवलं असतं तर निम्मा वाद तिथेच मिटला असता. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये बंदनंतर पोलिसांनी वस्त्यांमध्ये शिरून जी धरपकड केली, तिच्याबाबतही हेच म्हणता येईल.

हे अशक्य नाही, हे एका महिलेने दाखवून दिलं आहे. २६/११ ला पती, हुतात्मा पोलीस अधिकारी अशोक कामटे, यांना मदत का पोचली नाही, याचं उत्तर शोधताना विनिता कामटे यांनी मुंबई पोलिसांच्या नियंत्रण कक्षातल्या संभाषणाच्या नोंदी माहिती अधिकारात मिळवल्या. इतक्या संवेदनशील रात्रीच्या नोंदी बाहेर आल्या आणि आभाळ काही कोसळलं नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये तपासाला बाधा, कुणाच्या जिवाला धोका अशी कारणं देऊन नकार देण्याची मुभा आहे. त्याच कलमात पुढे हेही आहे, की जनहित मोठं असेल तर माहिती देता येईल.

खरी अडचण वेगळी आहे. अर्ज, मग अपील, मग आयोगातली तारीख, यात काळ लोटतो आणि तोवर ध्वनिमुद्रण पुसलं गेलेलं असू शकतं. ठाण्यांतल्या सीसीटीव्हीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या परमवीरसिंग सैनी निकालात चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर निदान वर्षभर जपायला सांगितलं. तोच नियम कंट्रोलच्या मुद्रणाला का नको? शिवाय लाठीमार, गोळीबार किंवा कोठडीतला मृत्यू झाला, की त्या काळातलं मुद्रण अर्जाची वाट न पाहता सील करावं. पीडितांची नावं झाकून त्याचा उतारा ठरलेल्या मुदतीत जिल्हा मुख्यालयात सर्वच पत्रकारांना पाहायला ठेवावा. ग्रुपवरच्या लाडक्यांनाही आणि व्हरांड्यात बसवलेल्यांनाही.

पोलिसांचाही यात फायदा आहे. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून २०१८ च्या जुलैत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. अफवेला प्रेसनोटसारखी सहीची वाट पाहावी लागत नाही. पोलिसांचं म्हणणं लवकर आणि नोंदीनिशी येतं, असा अनुभव लोकांना असेल तर अशा वेळी ते त्यावर विश्वास तरी ठेवतील.

आपल्या दैनिकाला एक विनंती. मराठवाड्यातल्या आठही पोलीस अधीक्षकांना आणि छत्रपती संभाजीनगरच्या पोलीस आयुक्तांना एकाच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. प्रश्न एवढेच : नियंत्रण कक्षातलं संभाषण मुद्रित होतं का, किती दिवस जपता, कोणाच्या सहीने पुसता? अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. परभणीचा अर्ज मी देतो, बाकीचे आठ आपण पाहावेत.

आपला,
एक माजी तालुका वार्ताहर
सेलू, जि. परभणी